हवेचा आग्रह

मंगळवार, ८ एप्रिल

खोकं आलं! शेडला कुलूप होतं म्हणून कुरिअरवाला ते घरात ठेवून गेला, आणि लेकीला धीर कुठला — तिनं ते जेवणाच्या टेबलावरच फोडलं. मी परतलो तेव्हा ताटांच्या जागी सुपरचार्जर बसलेला. ही स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. "आता ह्यालाही वाढू का?" म्हणाली.

आयुष्यभर इंजिनं उघडली. हेडं घासली, व्हॉल्व्ह बसवले, लोकांच्या गाड्यांना दोन घोड्यांची ताकद जास्त मिळवून दिली. पण हे यंत्र प्रथमच हातात घेतोय. दिसायला एवढुसं. आत दोन पिळदार रोटर, अगदी गळ्यात गळा घालून, तरी एकमेकांना शिवत नाहीत. पुढे एक पुली. इंजिनाचा पट्टा ती फिरवतो, पुली रोटर फिरवते, रोटर हवा आत ढकलतात. बस्स. इतके दिवस इंजिन आपल्या भुकेप्रमाणे हवा घ्यायचं. आता पाहुण्याला आग्रह करकरून वाढावं तशी ती त्याच्या ताटात पडणार. हवा जास्त, की पेट्रोलही जास्त, की जोर जास्त.

गावातल्या शाळेत गुरुजींनी एकदा बादलीत पेला उपडा बुडवून दाखवला होता. तळाशी कागदाचा बोळा कोंबलेला. पेला वर काढला तर बोळा कोरडा! "हवेलाही जागा लागते रे," म्हणाले. मी घरी जाऊन आईचे सगळे पेले बुडवून पाहिले आणि मार खाल्ला. आज टेबलापाशी तसाच उभा होतो. लेक म्हणाली, "बाबा, तोंड मिटा."

बुधवार, ९ एप्रिल

काम सोडून पुन्हा पुन्हा जाऊन रोटर बोटानं फिरवून येतोय. आवाज नाही. नुसती गार फुंकर तळहातावर येते. वय काय, चाललंय काय!

शुक्रवार, ११ एप्रिल

हे सगळं कशासाठी, ते एकदा स्वच्छ लिहितो.

लेक दिवसभर दंतवैद्यांसाठी दात बनवते. खोटे दात, पण खऱ्यांपेक्षा नीट. उरलेल्या वेळात घाट चढते — घड्याळ लावून, एकेक गाडी सोडतात, जो लवकर वर पोचेल तो जिंकला. गाडी माझीच जुनी, लाल, तिचं नाव म्हातारी. २७ तारखेला मोठी चढाई आहे. त्या दिवशी एक टीम आपला एक चालक निवडणार, पूर्ण मोसमासाठी. मागे दोनदा लेक अगदी दाराशी जाऊन परत आली. "गाडी कमी पडली," असं सगळे म्हणतात; ती कधी म्हणत नाही. टीमच्या बाईंनी या वेळी सरळ सांगितलंय, "पुढच्या वर्षापासून आम्ही विशीच्या आतलीच मुलं घेणार." ती केव्हाच विशी ओलांडून बसलीय. म्हणजे ही शेवटची वेळ.

आज इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवलं. आतल्या हवेच्या वाटा गुळगुळीत करायला तिनं आपलं दात कोरायचं हत्यार आणलं. चष्मा लावून, वाकून, तासन् तास. "म्हातारीला आ करायला सांगा," म्हणाली. मी म्हटलं, "दुखलं तर हात वर करेल ती." दोघं इतके हसलो की ही बघायला आली.

दाब वाढणार म्हणून हेडखाली जाड पत्रा घातला, पिस्टन मजबूत घातले. बोल्ट आवळताना मनात नाम चालू असतं माझं. जुनी सवय. घाई होत नाही त्यानं.

रविवार, १३ एप्रिल

पेटली! पहिल्या किल्लीला.

नकाशेवाला आला होता. कोणत्या वेळी किती पेट्रोल, कधी ठिणगी, याचा नकाशा तो लॅपटॉपवरून गाडीच्या मेंदूत भरतो, म्हणून नाव पडलं. वजनानं माझ्या दुप्पट, वयानं बराच लहान. गाडी ताकद मोजायच्या रोलरवर चढवली, पट्ट्यांनी बांधली, आणि त्यानं पाय दाबला. शिट्टीसारखा आवाज चढत गेला, शेडचा पत्रा थरथरायला लागला. आकडा बघून तो माझ्याकडे वळला. "काका, हिला आता म्हातारी म्हणू नका. अब्रूनुकसानीचा दावा लावेल."

मी मात्र इंटरकूलरला हात लावून बसलो होतो. सायकलच्या पंपाचं टोक तापतं ना, तसंच हे. हवा दाबली की तापते. तापलेली हवा इंजिनाला सोसत नाही, म्हणून मधे ही जाळी बसवायची, तिनं थंड करायची. म्हणजे आधी तापवायची, मग थंड करायची, मग पेटवायची! एवढा उपद्व्याप करून गाडी पुढे जाते. माणसाचं तरी याहून वेगळं काय आहे म्हणा.

खोक्यात पुल्या दोन आल्यात. लहान पुली लावली की रोटर जास्त जोरात फिरतात, दाब जास्त. मोठी लावली की सगळं सौम्य. मोठी बहुधा नवशिक्यांसाठी असावी. आम्ही लहान लावली. लेकीनं विचारलंसुद्धा नाही. मीही नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

आज तिच्या शेजारी बसून घाट चढलो.

हे इथंच लिहितो, दुसरीकडे बोलता येणार नाही. मी तिची एकही शर्यत बघितलेली नाही. जातो दर वेळी. चाकं तपासतो, तेल बघतो, खिडकीतून तिच्या हेल्मेटवर टपली मारतो. गाडी सुटली की सामानाच्या ट्रकच्या मागे जाऊन डोळे मिटून उभा राहतो, आणि भोंग्यावर तिचं नाव येईपर्यंत नाम घेतो. नकाशेवाल्याला वाटतं, मला लघवीचा त्रास आहे. वाटू दे.

तर आज. सकाळी रस्ता मोकळा होता. तिसऱ्या वळणानंतर सरळ पट्टा आहे, तिथं तिनं पाय दाबला. पाठ सीटमध्ये रुतली. शिट्टी कानात नाही, दातांत वाजत होती. कठड्याचे दगड एकेक करून दिसायचे ते एकदम एक पांढरी रेघ झाले. आणि तिच्याकडे बघितलं तर ती गुणगुणत होती! भांडी घासताना गुणगुणते तसं.

ती घाबरली असती तर बरं वाटलं असतं मला.

वर पोचल्यावर म्हणाली, "कसं वाटलं, बाबा?"

"पट्टा चांगला ताणलाय," म्हटलं. तेवढंच सुचलं.

उतरताना तिनं हळू घेतली. कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे दिसतात, बुंधे दिसत नाहीत. म्हातारी इतकी वर्षं काय धावायची ते तिचं तिचं होतं. आजचा जोर मात्र मी घातलेला. माझ्या हातचा.

बुधवार, १६ एप्रिल

प्रार्थनेला बसलो. शब्दच नाहीत. नुसता कठडा दिसत राहिला.

गुरुवार, १७ एप्रिल

केलं.

ती कामावर गेली, ही बाजारात. झाकण काढलं, पट्टा सैल केला, पुलर लावून लहान पुली ओढून काढली. मोठी बसवली. तिला लागणारा थोडा लांब पट्टाही खोक्यात होताच. झाकण परत लावलं. लहान पुली आणि तिचा पट्टा फडक्यात गुंडाळून तेलाच्या डब्यांच्या मागे सरकवला.

रोज म्हणतो, देवा, तिला सांभाळ. मग पाना कशाला उचलला? विश्वास कमी पडला म्हणून? की तो असाच कुणाच्या तरी हातून सांभाळत असतो आणि आज हात माझा होता? दुसरं म्हणणं फार सोयीचं आहे. सोयीचं म्हणणं आलं की मला त्याचा संशय येतो.

कोणाला सांगितलेलं नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

"बाबा, काहीतरी गेलंय." गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाली. दाबाचं गेज आठापर्यंत जायचं, आता सहालाही टेकत नाही.

"बघू," म्हटलं.

एकच शब्द. पण खोटं किती लहान असू शकतं!

शनिवार, १९ एप्रिल

दिवसभर शोध. मी तिच्यासोबत. कशाचा शोध ते मला माहीत, तिला नाही. बाहेर बसून लिहायला सोपं आहे. आत उभं राहणं अवघड होतं.

तरी एक कबूल करायला हवं — मजा आली. तिचं डोकं कसं चालतं ते इतक्या जवळून मी कधी बघितलं नव्हतं. मी असतो तर आधी पाना घेतला असता. तिनं स्टूल घेतलं. बसली, इंजिनाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आधी गेज खोटं बोलतंय का ते बघू. मग बाकीच्यांना पकडू." दुसरं गेज लावलं. तेही तेच बोललं. मग हवेची गाळणी. मग पट्टा घसरतोय का, म्हणून त्यावर खडूची खूण केली आणि इंजिन चालवून खूण सरकते का ते बघितलं. नाही सरकली. प्रत्येक गोष्टीनंतर हात पुसून, "हा निर्दोष," म्हणायची आणि पुढे जायची.

टॉर्च धरायचं काम माझ्याकडे. सुपरचार्जरच्या झाकणाच्या फटीतून पुलीची कड दिसते. मी टॉर्च असा धरला की उजेड तिथं पडू नये.

चोरालाच चौकशीला बसवलंय, आणि चोराला चौकशी आवडतेय! कुठं नेऊन ठेवू हे?

रविवार, २० एप्रिल

नकाशेवाला धूर सोडायचं यंत्र घेऊन आला. हवेच्या वाटेत धूर भरायचा, जिथून गळती तिथून तो बाहेर येतो. मला वाटलं काही निघणार नाही, मग ती पुलीकडे वळेल, मग संपलं.

आणि निघालं! इंटरकूलरच्या कोपऱ्यातून, जिथं वेल्डिंगचा सांधा आहे, केसाएवढी धुराची रेघ. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून तिच्याकडे बघत राहिलो. इतकी नाजूक की श्वास टाकला तरी वाकायची.

"नवीन मालाला चीर!" नकाशेवाला म्हणाला. "पूर्ण दाबावर घाटात फाटलं असतं हे. नशीब समजा."

म्हणजे मी पुली बदलली नसती तर गेज उतरलं नसतं. गेज उतरलं नसतं तर कोणी धूर सोडला नसता. मग मी केलं ते बरं झालं? असं म्हणायला जीभ वळवळतेय. पण चीर सापडावी म्हणून मी काही केलं नव्हतं. ती सापडली, हे देणं वेगळं. माझं काम वेगळं. दोन्ही एका पोत्यात घालायची नाहीत.

निघताना नकाशेवाला दारात थांबला. "पण एवढ्याशा फटीतून एवढा दाब जात नाही हां, ताई."

लेकीनं नुसती मान हलवली.

मंगळवार, २२ एप्रिल

सांधा नव्यानं भरून आणला. जाळी परत बसवली.

मी खालचे बोल्ट आवळत होतो, ती वरून वाकली होती. "बाबा, सुरुवातीला पुली तुम्हीच मोजली होती ना?"

"हो."

खरंच मोजली होती मी. शब्द खरा आणि बोलणं खोटं, असं प्रथमच जमलं मला.

"मग बरोबरच असणार," म्हणाली.

नंतर नळाशी हात धुताना पुन्हा. "अजून काही बघायचं राहिलंय का? तुमच्या मनात काही असेल तर सांगा. मी आपली दात बनवणारी."

"नाही गं. झालं सगळं."

बराच वेळ नखांतलं काळं काढत उभी होती.

बुधवार, २३ एप्रिल

हिला सांगितलं.

मला वाटलं होतं ही सुटकेचा श्वास टाकेल. या शर्यतींच्या नावानं हिनं इतकी वर्षं बोटं मोडलीत. लेक हेल्मेट घेऊन निघाली की, "जा बये, जा, आईचा जीव टांगून जा," हे ठरलेलं. आणि लेकीचं, "टांगलाय ना? मग पडणार नाही," हेही ठरलेलं.

हिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला भीती वाटते तर मी तोंडानं बोलते. तिच्या तोंडावर बोलते. ती मला उलटून बोलते. तुम्ही पाना घेऊन बोललात, आणि तिला उत्तर देता येऊ नये असं बोललात."

मी म्हटलं, "अगं, पण ती सुरक्षित —"

"अहो, तिनं तुमच्याकडे गाडी दिलीय. स्वतःला दिलेलं नाही."

"तू सांगशील तिला?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही निस्तरा." आणि कप उचलून आत गेली. माझाही घेऊन गेली, अर्धा भरलेला.

प्रार्थना केली. तिला सांभाळ असं मागायला आज तोंड नव्हतं. काय मागावं ते कळेना, नुसता बसून राहिलो. कधी कधी वाटतं तेच बरं.

गुरुवार, २४ एप्रिल

आज सांगणार होतो. तिचं डोकं दुखत होतं, ती लवकर झोपायला गेली. — असं लिहिलं, पण त्याआधी ती चांगली तासभर माझ्यासमोर बसून हेल्मेटची काच पुसत होती.

शुक्रवार, २५ एप्रिल

कामावरून परस्पर गाडी घेऊन घाटावर जाऊन आली. चेहरा उजळलेला.

"झालं ठीक," म्हणाली.

"किती दाखवलं?"

"पुरेल तेवढं."

"म्हणजे किती?"

"बाबा, पुरेल तेवढं म्हणजे पुरेल तेवढं." आणि हसली.

म्हणजे सांधा भरल्यावर थोडं वाढलं असणार. सहाचं साडेसहा. त्यावर तिनं समाधान मानलं? ही पोर? पण वाद घालायला मी कोण. झाकण काढून बघावं असं एकदा वाटलं, पण त्या पुलीचं तोंड बघायची इच्छा नाही.

रात्रीच्या जेवणाला ही आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मी मान खाली घालून जेवलो.

शनिवार, २६ एप्रिल

ठरवलं. उद्यानंतर सांगायचं. निकाल काही लागो. आधी सांगितलं तर तिचं लक्ष विचलित होईल. (हेही सोयीचंच म्हणणं. असो.)

रविवार, २७ एप्रिल

लिहायला बसलोय पण शब्द एकमेकांवर चढतायत. आनंदानं. क्रमानं लिहितो.

सकाळी थंड हवा होती. थंड हवा दाट, इंजिनाला चांगली. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "हवेचंही कौतुक करा, माझंही करा." टपली मारली. हेल्मेट नीट केलं. नेहमीप्रमाणे ट्रककडे निघालो, आणि अर्ध्या वाटेत थांबलो.

का जातोय मी? मोठी पुली आहे आत. जी ताकद बघून मी त्या दिवशी गार पडलो होतो ती आज नाहीच. मग भ्यायचं कशाला? आज बघावं.

नकाशेवाल्याबरोबर वरच्या वळणापर्यंत चालत गेलो. तिथं प्रेक्षकांसाठी दोरी बांधून आतल्या बाजूचा कठडा मोकळा ठेवलाय. त्यावर बसलो. त्यानं शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. इतर गाड्या येत गेल्या. काय गंमत असते! मला वाटायचं हा नुसता गोंगाट. पण प्रत्येकाचं वळण वेगळं. एकजण भांडून वळतो, एकजण घाबरून, एकजण गाडीला विनवणी करतो. मी पुन्हा पुन्हा विचारत होतो, हा इथं ब्रेक का मारतो, तो बाहेरून का येतो, आणि नकाशेवाला वैतागून म्हणाला, "काका, इतके दिवस कुठं होतात?"

मग खालून शिट्टी ऐकू आली.

लाल नाक दिसलं. मला वाटलं ती वळणात शिरेल तेव्हा गाडी वळेल. पण ती शिरायच्या आधीच वळलेली होती. तिनं काही केलेलं दिसलंच नाही. नाक किंचित खाली गेलं, मागचा भाग जरासा बाहेर झुकला, आणि एक अखंड रेघ ओढावी तशी म्हातारी माझ्यासमोरून गेली, आणि पुढच्या सरळ रस्त्यावर ताणून धरलेलं काहीतरी सोडावं तशी सुटली. मी उभा राहिलो होतो. कधी राहिलो कळलं नाही. तोंडात नाम नव्हतं. शेंगदाणे होते.

"मोठ्या —" इतकंच माझ्या तोंडून निघालं. मोठ्या पुलीवर इतकी? पुढचं गिळलं.

नकाशेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. "शेंगदाणे खा, काका," म्हणाला.

तिच्या गटात तिची वेळ सगळ्यात कमी. मागच्या वर्षीच्या विजेत्यापेक्षाही कमी. टीमच्या बाई स्वतः चालत आल्या, तिचा हात हातात घेतला. "मोसमभर आमची," म्हणाल्या. मग म्हातारीचं तोंड उघडून बघत, "इंजिन कोणाचं?"

"बाबांचं," लेक म्हणाली.

मी बुटांकडे बघत होतो.

घरी फोन केला. हिनं निकाल ऐकून घेतला. मग म्हणाली, "तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"डोळे उघडे ठेवून?"

"हो गं."

"कशी दिसत होती?" तू पुढच्या वेळी ये, म्हटलं. ही नाही म्हणाली नाही!

देवाचे आभार मानले. नुसते आभार, मागणं काही नाही. उद्या सकाळी लहान पुली परत बसवतो आणि संध्याकाळी लेकीला सगळं सांगतो. काय बोलायचं ते बोलो. कमी ताकदीत जिंकलीस, हे तर तिला कळायलाच हवं. ते तिचं आहे, माझ्याकडे ठेवून घेता येणार नाही.

सोमवार, २८ एप्रिल

लेक कामावर गेल्यावर तेलाच्या डब्यांमागचं फडकं काढलं. उलगडलं. आत मोठी पुली. स्वच्छ पुसलेली, तेलाचा हात फिरवलेली, शेजारी लांब पट्टा नीट गुंडाळून.

म्हणजे काल माझ्यासमोरून गेली ती पूर्ण ताकद. आणि मी कठड्यावर बसून शेंगदाणे खात होतो!

ही शेडच्या दारातून विचारतेय, एकटेच काय हसताय म्हणून. हसतोय का मी?